अमेरिकेंतील संस्थानी न्यायाधीश : त्यांची निवड व त्यांची पात्रता

गेल्या सत्रांत आमच्या शाळेंत दोन वर्गांचा हुतुतूचा सामना झाला. पंच म्हणून त्यांतल्याच एका वर्गांतील मोठ्या मुलास नेमलें होतें, आणि तें दोन्ही वर्गांच्या संमतीनें. सामना रंगांत आला असतां त्या पंचानें आपल्याच वर्गाचा गडी बाद ठरविला. निकाल बरोबर होता. रेषेबाहेर उमटलेलें पाऊल आम्हीं सर्वांनीं पाहिलें होतें. तरी पुढच्या सामन्याच्या वेळीं त्याच्या वर्गानें "हा पंच आम्हांस नको" असें सांगितलें, आणि पंच बदलला. नागरिकशास्त्राच्या तासास ही गोष्ट निघाली तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "न्यायाधीशालाहि लोकांना असें बदलतां येतें काय?" आपल्या देशांत येत नाहीं, हें उत्तर सोपें होतें. परंतु एक मोठा देश असा आहे कीं, जेथें बहुतेक ठिकाणीं तें येतें, व जवळजवळ दोनशें वर्षें येत आलें आहे. तो देश म्हणजे अमेरिका. तेथील संस्थानांत न्यायाधीश कोणास होतां येतें, त्यास कोण निवडतें, आणि निवडणाऱ्याचें ओझें त्याच्या निकालावर पडतें कीं काय, याविषयीं आम्हीं जें वाचलें तें वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. 'युनायटेड स्टेट्स' यास मराठींत पूर्वींपासून 'संयुक्त संस्थानें' म्हणत आले आहेत, व आम्हीहि तोच शब्द वापरणार आहों. परंतु संस्थान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कोल्हापूर, सांगली, औंध हीं पूर्वींचीं राज्यें उभीं राहतात. अमेरिकेंतील संस्थानास राजा नाहीं. त्याचा मुख्य अधिकारी जो गव्हर्नर, तो लोकांनीं मतें देऊन निवडलेला असतो. आपल्या राज्यपालासारखा वरून नेमलेला नव्हे. अशीं ५० संस्थानें आहेत. प्रत्येकाची स्वतःची राज्यघटना, स्वतःचें कायदेमंडळ व स्वतःचीं न्यायालयें आहेत. मध्यवर्ती सरकारचीं न्यायालयें निराळीं. त्यांच्या न्यायाधीशांस राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीनें नेमतो व ते तहहयात राहतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते, कारण वर्तमानपत्रांत बहुधा त्यांचीच चर्चा येते. परंतु चोरी, मारामारी, घटस्फोट, वारसा, घरभाड्याची तक्रार, मोटारीचा अपघात असे जे रोजच्या आयुष्यांतले खटले, त्यांतील शेंकडा नव्वदांहून अधिक संस्थानी न्यायालयांत चालतात. सामान्य अमेरिकन मनुष्याची न्यायाधीशाशीं गांठ पडलीच, तर ती बहुतेक संस्थानी न्यायाधीशाशींच पडते.

पात्रतेची यादी लांबलचक असेल अशी आमची समजूत होती. ती तशी नाहीं. मिसूरी संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयांत बसण्यास मनुष्य निदान ३० वर्षांचा असावा, १५ वर्षें अमेरिकेचा नागरिक व ९ वर्षें त्या संस्थानाचा मतदार असावा, आणि त्याजपाशीं मिसूरींत वकिली करण्याची सनद असावी. एवढ्यांत यादी संपते. विस्कॉन्सिनमध्यें ५ वर्षांची सनद पुरते. न्यूयॉर्कच्या 'कोर्ट ऑफ अपील्स'साठीं व कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयासाठीं ती १० वर्षांची लागते. (न्यूयॉर्कमध्यें सर्वांत वरच्या न्यायालयाचें नांव 'कोर्ट ऑफ अपील्स' असें आहे, आणि 'सुप्रीम कोर्ट' हें नांव तेथें पहिल्या पायरीवरच्या न्यायालयास आहे! हें वाचतांना आमचा दोन दिवस घोटाळा झाला.) टेक्सासमध्यें वरिष्ठ न्यायाधीशाचें वय निदान ३५ व अनुभव १० वर्षांचा असावा लागतो, जिल्हा न्यायाधीशास पूर्वीं ४ वर्षांचा अनुभव पुरत असे, तो २०२१ सालीं लोकांनीं मतदान करून ८ वर्षांचा केला. निवृत्तीचें वय मिसूरींत ७०. पेनसिल्व्हेनियांत २०१६ पर्यंत ७० होतें, आतां ७५ आहे. आणि ऱ्होड आयलंड या सर्वांत लहान संस्थानांत वरिष्ठ न्यायाधीशास वयाची मर्यादाच नाहीं.

सनद मिळविण्याचा आजचा सर्वसाधारण मार्ग म्हणजे कॉलेजचीं चार वर्षें, त्यापुढें कायद्याच्या विद्यालयांत तीन वर्षें, आणि मग त्या त्या संस्थानाची परीक्षा. पूर्वीं असें नव्हतें. अब्राहम लिंकन कायद्याच्या विद्यालयांत एक दिवसहि गेला नाहीं. पुस्तकें मिळवून त्यानें आपलें आपण वाचलें, व १८३६ सालीं इलिनॉय संस्थानांत त्यास सनद मिळाली. वकिलाच्या कचेरींत राहून शिकण्याची ही जुनी वाट व्हर्मांट, व्हर्जिनिया, वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या संस्थानांत आजहि खुली आहे.

याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. अगदीं खालच्या न्यायालयांतील कित्येक न्यायाधीशांस सनदहि लागत नाहीं. न्यूयॉर्क संस्थानांतील खेड्यापाड्यांच्या न्यायालयांत बसणारे बहुसंख्य न्यायाधीश वकील नाहींत. ते दुसरा कांहीं उद्योग करून हें काम पाहतात, व त्यासाठीं त्यांस थोडें शिक्षण दिलें जातें. टेक्सासमधील 'जस्टिस ऑफ द पीस' याची गोष्ट तशीच. पेनसिल्व्हेनियांत वकील नसलेल्यानें एक अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा उतरली म्हणजे तो खालच्या न्यायासनावर बसूं शकतो. हीं न्यायालयें लहान खरीं, परंतु दंड, लहानसहान देण्याघेण्याचे तंटे, आरोपीची पहिली हजेरी व जामीन, आणि क्वचित् कैदेची शिक्षा हीं कामें तेथें होतात.

केंटकी संस्थानांत एका लहानशा गांवीं असा एक पोलीस न्यायाधीश होता. तो कोळशाच्या खाणीच्या धंद्यांतला. हायस्कुलचें शिक्षणहि त्याचें पुरें झालेलें नव्हतें. दारू पिऊन मोटार चालविल्याबद्दल त्यानें एका मनुष्यास कैदेची शिक्षा दिली, आणि त्या मनुष्यानें असा प्रश्न केला कीं, ज्यानें कायदा वाचलेला नाहीं तो मला तुरुंगांत कसा पाठवितो? हें प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९७६ सालीं निकाल झाला कीं, आरोपीस वरच्या न्यायालयांत वकील असलेल्या न्यायाधीशापुढें सगळा खटला नव्यानें चालवून घेतां येतो, म्हणून त्याच्या हक्काचा भंग झाला नाहीं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें मात्र १९७४ सालीं याच्या उलट ठरविलें होतें : ज्या खटल्यांत कैद होऊं शकते त्यांत आरोपीस कायदा जाणणाराच न्यायाधीश मिळाला पाहिजे. आम्हांस हा दुसरा निकाल अधिक पटतो. ज्याच्या खिशांत वकिलाची फी नाहीं त्यास "वर जा, आणि तेथें पुन्हां लढ" असें सांगणें सोपें आहे. तें त्यानें करावें कसें, हें सांगणाऱ्यास पाहावें लागत नाहीं.

वय, वास्तव्य, सनद, अनुभव हीं सारीं कलमें अज्ञानी मनुष्यास दाराबाहेर ठेवतात, आणि तेवढें काम तीं बरें करतात. परंतु ज्यानें आपणांस खुर्चीवर बसविलें त्याच्याविरुद्ध निकाल देण्याची वेळ आली असतां हा मनुष्य काय करील, हें कोणत्याहि कलमांत लिहितां येत नाहीं. आमच्या पंचाची अडचण ज्ञानाची नव्हतीच. खेळाचे नियम त्यास पाठ होते. त्यामुळें पात्रतेचा खरा विचार निवडीच्या रीतीकडे वळतो, आणि अमेरिकेचा या बाबतींतला इतिहास फार जुना व फार भांडणाचा आहे.

इंग्लंडमध्यें १७०१ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, न्यायाधीशाचें वर्तन चांगलें आहे तोंवर राजानें त्यास काढूं नये. काढावयाचा तर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनीं मागणी करावी. अमेरिकेंतील वसाहतींस हें संरक्षण मिळालें नाहीं. तेथील न्यायाधीश राजाची मर्जी असेपर्यंतच राहावयाचे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत राजाविरुद्ध ज्या तक्रारी मांडल्या आहेत त्यांत ही एक स्पष्ट आहे कीं, न्यायाधीशांची मुदत व पगार हीं दोन्ही त्यानें केवळ आपल्या इच्छेवर ठेवलीं. स्वातंत्र्य मिळाल्यावर संस्थानांनीं वरिष्ठ न्यायाधीश नेमण्याचें काम कोठें गव्हर्नर व त्याचें कौन्सिल यांजकडे, तर कोठें कायदेमंडळाकडे दिलें. मॅसॅच्युसेट्सची १७८० ची घटना अजून चालू आहे. तेथें आजहि गव्हर्नर नांव सुचवितो व लोकनियुक्त कौन्सिल संमति देतें, आणि न्यायाधीश, १९७२ च्या दुरुस्तीपासून, वयाच्या ७० व्या वर्षापर्यंत राहतो. निवडणुकीचा वारा तेथें कधींच शिरला नाहीं.

इतरत्र तो जोरानें शिरला. १८३२ सालीं मिसिसिपी संस्थानानें आपले सर्व न्यायाधीश लोकांच्या मतानें निवडावयाचे ठरविलें. असें करणारें तें पहिलें संस्थान. १८४६ सालीं न्यूयॉर्कनें नवी घटना केली व तेंहि त्याच वाटेनें गेलें. न्यूयॉर्क हें मोठें व श्रीमंत संस्थान. त्याच्या मागोमाग इतरांची रांग लागली, आणि १८६१ मध्यें यादवी युद्ध पेटलें तेव्हां निम्म्याहून अधिक संस्थानें न्यायाधीश निवडणुकीनें नेमीत होतीं.

याचें कारण शोधूं लागल्यावर आमची एक समजूत चुकीची ठरली. लोकांस न्यायाधीश आपल्या मुठींत हवा होता म्हणून त्यांनीं निवडणूक आणली, असें आम्हांस वाटत होतें. अंशतः तें खरेंहि असेल. परंतु इतिहासकारांनीं दुसरी बाजू दाखविली आहे. गव्हर्नर आपल्या पक्षांतील माणसांची सोय न्यायासनावर लावीत. आणि कायदेमंडळांनीं कालवे व रेलवे यांसाठीं बेसुमार कर्जें काढलीं होतीं. १८३७ सालीं मोठें आर्थिक संकट आलें, तेव्हां कित्येक संस्थानें देणें फेडतां फेडतां मेटाकुटीस आलीं. या कायदेमंडळांस कोणी तरी अडविलें पाहिजे होतें. ज्यास कायदेमंडळानें नेमलें तो न्यायाधीश कायदेमंडळास कसा अडविणार? लोकांनीं निवडलेला न्यायाधीश लोकांच्या बळावर उभा राहील व सरकारपुढें मान वांकविणार नाहीं, अशी ती आशा होती. म्हणजे न्यायाधीश स्वतंत्र व्हावा याच हेतूनें निवडणूक आली. पुढें काय झालें तें निराळें.

कायदेमंडळानें न्यायाधीश निवडण्याची जुनी रीत आज व्हर्जिनिया व साउथ कॅरोलिना या दोनच संस्थानांत उरली आहे. तेथें वरिष्ठ न्यायाधीशाची मुदत अनुक्रमें १२ व १० वर्षांची असते. कायदेमंडळाचे कित्येक सभासद स्वतः वकील असतात, आणि ज्यास मत दिलें त्याच्याच पुढें ते खटला घेऊन उभे राहतात; यावर तेथें टीका होते, व ती व्हावी हें आश्चर्य नाहीं.

आतां निवडणुकीकडे येऊं. ५० पैकीं ३८ संस्थानांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांस कोणत्या ना कोणत्या रूपानें मतदारांपुढें जावें लागतें. कोठें मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नांवापुढें पक्षाचें नांव असतें, कोठें नसतें. टेक्सासमध्यें असतें. ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटींत आहे, तेथील मतदारापुढें एकाच दिवशीं न्यायाधीशांचीं डझनावारी नांवें येतात. त्यांतील किती जणांचें काम त्यानें पाहिलेलें असणार? २०२० पूर्वीं तेथें एकच खूण करून एका पक्षाच्या सर्व उमेदवारांस मत देतां येत असे; त्यामुळें वारा फिरला कीं न्यायाधीशांचा अख्खा ताफाच बदले. २०१८ सालीं हॅरिस काउंटींत तसें झालें. गेलेल्यांत चांगले किती व वाईट किती, हा प्रश्न मतपत्रिकेनें विचारलाच नव्हता.

निवडणूक म्हटली कीं पैसा आला. वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील एक खटला या बाबतींत प्रसिद्ध आहे. २००२ सालीं ज्यूरीनें एका मोठ्या कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलर नुकसानभरपाईचा निकाल दिला. कंपनी अपील करणार हें उघड होतें. २००४ सालीं त्याच संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक आली, आणि कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यानें एका उमेदवाराच्या बाजूनें सुमारें ३० लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार निवडून आला. पुढें अपील त्याच्यापुढें गेलें. "आपण या खटल्यांतून दूर व्हावें" ही विनंति त्यानें मानली नाहीं. आणि २००७ सालीं ज्यूरीचा निकाल तीन विरुद्ध दोन मतांनीं फिरविण्यांत आला. त्या तिघांत तो होता. २००९ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, तेंहि पांच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानें, ठरविलें कीं या न्यायाधीशानें दूर होणें अवश्य होतें. त्यानें लांच खाल्ली असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. पक्षपाताचा संभवच इतका मोठा होता कीं तेवढ्यानें न्यायास बाध येतो, असें म्हटलें. त्यानंतर त्यास वगळून पुन्हां सुनावणी झाली, आणि निकाल पुन्हां कंपनीच्याच बाजूनें लागला! कदाचित् पहिला निकालहि कायद्यास धरून असेल. परंतु ज्या पद्धतींत बरोबर निकालावरहि कोणी विश्वास ठेवूं शकत नाहीं, त्या पद्धतीनें न्यायाधीशाचेंहि नुकसान केलें असें आम्हांस वाटतें.

ही रक्कम आज लहान वाटावी असें पुढें घडलें. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठीं २०२३ सालीं ५ कोटी डॉलरांहून अधिक, आणि १ एप्रिल २०२५ च्या निवडणुकींत सुमारें १० कोटी डॉलर खर्च झाले. हे पैसे बहुतांशीं पक्ष, संघटना व धनिक यांचे. न्यायाधीशाची मुदत तेथें १० वर्षांची.

उमेदवार न्यायाधीशानें बोलावें तरी काय? पूर्वीं कांहीं संस्थानांत असा नियम होता कीं, वादाच्या प्रश्नांवर त्यानें आपलें मत जाहीर करूं नये. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मिनेसोटा संस्थानाचा हा नियम भाषणस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून रद्द केला. मात्र २०१५ सालीं फ्लॉरिडाच्या एका खटल्यांत त्याच न्यायालयानें, न्यायाधीशपदाच्या उमेदवारानें स्वतः पैसे मागूं नयेत हा नियम कायम ठेवला. सँड्रा डे ओ'कॉनर या बाईंचें उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांतील त्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. परंतु त्यापूर्वीं ॲरिझोना संस्थानांत त्या निवडणूक लढवूनच न्यायाधीश झाल्या होत्या. २००२ च्या निकालांत त्या बहुमताच्या बाजूस होत्या. तरी आपलें निराळें मत लिहून त्यांनीं बजाविलें कीं, संस्थानानें निवडणूक पत्करून ही अडचण आपण होऊन ओढवून घेतली आहे. २००६ सालीं निवृत्त झाल्यावर न्यायाधीशांच्या निवडणुका बंद व्हाव्यात म्हणून त्यांनीं देशभर खटपट केली.

पैशापेक्षांहि सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. पेनसिल्व्हेनियांतील न्यायाधीशांनीं फौजदारी खटल्यांत दिलेल्या हजारों शिक्षा तपासून दोघां अभ्यासकांनीं २००४ सालीं असें दाखविलें कीं, न्यायाधीशास पुन्हां मतदारांपुढें जाण्याचा दिवस जसजसा जवळ येतो तसतशा त्याच्या शिक्षा कडक होत जातात. यांत कोणी लांच घेतलेली नाहीं, कोणी धमकी दिलेली नाहीं. कदाचित् न्यायाधीशास स्वतःलाहि हें उमगत नसेल. परंतु तोच गुन्हा करून एक मनुष्य निवडणुकीच्या आधीं उभा राहिला व दुसरा नंतर, एवढ्यावरून कैदेचे महिने बदलावेत, हें त्या पहिल्यास कसें पटवून द्यावयाचें?

निवडणुकीच्या बाजूनें बोलणारे यास उत्तर देतात, व तें ऐकून घेण्यासारखें आहे. ते म्हणतात, नेमणूक तरी राजकारणावांचून होते काय? फरक इतकाच कीं, एका पद्धतींत राजकारण मैदानांत चालतें व दुसरींत बंद दाराआड. याच आक्षेपावर उपाय म्हणून निघालेली एक योजना आज पुष्कळ संस्थानांनीं थोड्याफार फरकानें उचलली आहे. तिचें जन्मस्थान मिसूरी.

तेथील कॅन्सस सिटी शहरांत टॉम पेंडरगास्ट नांवाच्या पुढाऱ्याचा अंमल होता. नोकऱ्या, कंत्राटें, उमेदवाऱ्या यांचे धागे त्याच्या हातांत असत, व त्यांत न्यायाधीशांच्या उमेदवाऱ्याहि आल्या. १९३९ सालीं प्राप्तीवरील कर चुकविल्याबद्दल तो तुरुंगांत गेला, आणि १९४० च्या नोव्हेंबरांत मिसूरीच्या लोकांनीं स्वतः मतदान करून नवी पद्धति मंजूर केली. ती अशी. वरिष्ठ न्यायालयांत जागा रिकामी झाली कीं सात जणांचें मंडळ अर्ज तपासतें : तीन वकील, जे वकिलांनीं निवडलेले; तीन वकील नसलेले नागरिक, जे गव्हर्नरनें नेमलेले; आणि एक सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. हें मंडळ तीन नांवें गव्हर्नरकडे पाठवितें. त्यांतील एकास त्यानें ६० दिवसांच्या आंत नेमावें, न नेमल्यास मंडळच नेमतें. नेमलेल्या न्यायाधीशानें निदान एक वर्ष काम केल्यावर जी सार्वत्रिक निवडणूक येईल तींत त्याचें नांव लोकांपुढें जातें. परंतु त्याच्यासमोर दुसरा उमेदवार नसतो. मतदारास एवढाच प्रश्न असतो कीं, यास पदावर ठेवावें काय? होय किंवा नाहीं. 'होय' अधिक पडल्यास सर्वोच्च न्यायालयांत तो १२ वर्षें राहतो.

यांत गव्हर्नर, वकील, सामान्य नागरिक व मतदार या सर्वांस थोडथोडा अधिकार आहे आणि कोणासहि पुरा नाहीं. आम्हांस ही योजना वाचतांच आवडली. वकिलांच्या हातीं फार सत्ता जाते, असा तिच्यावर आक्षेप आहे. तोहि निराधार नाहीं. परंतु तिची खरी परीक्षा 'नाहीं' या शब्दाची आहे. बहुतेक वेळां मतदार 'होय' म्हणतात व कोणाचें लक्षहि जात नाहीं. क्वचित् मात्र तसें होत नाहीं.

कॅलिफोर्नियांत वरिष्ठ न्यायाधीशांस असाच 'होय-नाहीं'चा प्रश्न १९३४ पासून लागू आहे. १९७७ सालीं तेथें रोझ बर्ड या सरन्यायाधीश झाल्या. त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. फांशीच्या शिक्षेचीं जीं ६१ प्रकरणें त्यांच्यापुढें आलीं त्यांतील प्रत्येकांत त्यांनीं ती शिक्षा रद्द करण्याच्या बाजूनें मत दिलें. १९८६ सालीं लोकांनीं त्यांस व त्यांच्याबरोबर आणखी दोघां न्यायाधीशांस पदावरून दूर केलें. येथें आमचें मन दोन्हीकडे ओढलें जातें. प्रत्येक खटल्यांत कायद्याची चूक खरोखरच सांपडली असेल काय, असा प्रश्न मतदारानें विचारला तर त्यास दोष कसा द्यावा? आणि फांशीसारखा विषय बहुसंख्यांच्या रागावर सोंपवावा, हें तरी कसें म्हणावें?

आयोवा संस्थानाची गोष्ट आम्हांस अधिक लागली. २००९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या सातहि न्यायाधीशांनीं एकमतानें असा निकाल दिला कीं, विवाह केवळ स्त्री व पुरुष यांचाच मानणारा कायदा संस्थानाच्या घटनेंतील समतेच्या कलमास सोडून आहे; एकाच लिंगाच्या दोन व्यक्तींसहि विवाह करतां आला पाहिजे. हा निकाल पुष्कळ लोकांस मुळींच रुचला नाहीं. पुढच्याच वर्षीं, २०१० सालीं, त्या सातांपैकीं तिघांची मतदारांपुढें जाण्याची पाळी होती : सरन्यायाधीश मार्शा टर्नस, मायकेल स्ट्राइट व डेव्हिड बेकर. त्यांच्याविरुद्ध मोठी चळवळ उठली, संस्थानाबाहेरूनहि पैसा आला. त्या तिघांनीं मात्र निवडणुकीची समिति काढली नाहीं व प्रचारासाठीं पैसा जमविला नाहीं. न्यायाधीश प्रचारास उतरला म्हणजे न्यायालयच राजकारणांत उतरतें, अशी त्यांची भूमिका होती. तिघेहि गेले. आयोवांत ही पद्धति १९६२ पासून होती, व तोंवर सर्वोच्च न्यायालयाचा एकहि न्यायाधीश असा गेला नव्हता. त्यांनीं दिलेला निकाल मात्र राहिला. २०१५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तेंच तत्त्व सर्व देशास लागू केलें. निकाल योग्य कीं अयोग्य यावर वाचकांचें मत कांहींहि असो. ज्या दिवशीं तो वाचून दाखविला त्या दिवशीं पुढची निवडणूक केव्हां आहे हें त्या तिघांस पक्कें ठाऊक होतें.

आपल्या देशानें यांतली कोणतीहि रीत घेतली नाहीं, आणि ती माहितीच्या अभावीं घेतली नाहीं असें नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते. त्या वेळीं न्यूयॉर्क संस्थानाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाचे न्यायाधीशहि लोकांच्या मतानेंच निवडले जात. (ती रीत १९७७ सालीं बदलली.) घटनासमितींत २४ मे १९४९ रोजीं न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलतांना त्यांनीं इंग्लंडची राजाकडून होणारी व अमेरिकेची सिनेटच्या संमतीनें होणारी अशा दोन्ही नेमणुकींचा विचार केला. पहिलींत सत्ता बेबंद राहते व दुसरींत राजकारणाचा शिरकाव होतो, म्हणून सल्लामसलतीचा मधला मार्ग त्यांनीं पुरस्कारिला. सरन्यायाधीशाची संमतीच आवश्यक करावी ही सूचनाहि त्यांनीं मान्य केली नाहीं. कितीहि थोर असला तरी सरन्यायाधीशहि मनुष्यच, असें त्यांचें म्हणणें. पुढें १९९३ च्या निकालापासून नेमणुकीचा मुख्य अधिकार न्यायाधीशांच्याच हातीं आला, हा निराळा लेख होईल. महाराष्ट्रांत पहिल्या पायरीचा दिवाणी न्यायाधीश स्पर्धापरीक्षा देऊन येतो, आणि २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें त्या परीक्षेपूर्वीं तीन वर्षांची वकिली पुन्हां आवश्यक केली आहे. उच्च न्यायालयासाठीं दहा वर्षें वकिली किंवा तितकींच वर्षें न्यायाधीशाचें काम लागतें, व निवृत्तीचें वय ६२ आहे. मतदारापुढें मात्र यांतील कोणासहि कधीं उभें राहावें लागत नाहीं.

हें सगळें आम्हीं वर्गांत वाचून दाखविलें. ज्या विद्यार्थ्यानें पहिला प्रश्न विचारला होता त्यानेंच पुन्हां हात वर केला. "आयोवाचे तिघे गेले," तो म्हणाला, "पण सातांपैकीं चार उरले होते. त्यांची पाळी यावयाची होतीच ना? त्यांनीं मग काय केलें?" तें आम्हीं शोधून काढलें. चौघेहि आपल्या निकालास चिकटून राहिले. त्यांतील एक २०१२ सालीं व उरलेले तिघे २०१६ सालीं मतदारांपुढें गेले, आणि त्या चौघांस लोकांनीं 'होय' म्हटलें.